कावून विचारले

मी चोरी केली न्हाई, दुधात पाणी घातलं न्हाई, एक दिवस न सांगता घरी बसले न्हाई. माझ्यावर चौकशी बसली ती एका शब्दावरून. शब्द तरी असा की मी दिवसातून शंभरदा बोलते, आणि तुमी बीडकडचे असाल तर तुमी पण बोलता. कावून.

आमच्याकडं कावून म्हणजे का. कावून आलास, कावून रडतोस, कावून जेवला न्हाईस. एवढा साधा शब्द. पण तिकडं सातारा-पुण्याकडं कावून म्हणजे चिडून, वैतागून. हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं, आणि ते कळवायला नोटीस यावी लागली.

माझं नाव पौर्णिमा. वडवणीला आमच्या दूध संघाचं शीतकरण केंद्र हाय, तिथं मी चौदा वर्षं दूध तपासते. गावोगावचं दूध येतं, मी सॅम्पल घेते, मशीनवर फॅट लावते, चांगलं असलं तर कूलरमध्ये सोडते, खराब असलं तर तोंडावर परत करते. आमी बौद्ध. मी रुजू झाले तेव्हा चार-पाच बाया मला कॅनच्या झाकणाला हात लावू द्यायच्या न्हाईत. तोंडानं वाईट कुणी बोलायचं न्हाई, नुसतं "ऱ्हाऊ द्या बाई, मी वतते" म्हणायच्या. मी म्हणायची, वता. पण फॅटचा आकडा माझ्या हातानं पडायचा, आणि तो कुणाच्या बापाला बदलता यायचा न्हाई. तीन वर्षं गेली. मग असं झालं की मी रजेवर असले आणि मशीनवर दुसरा कुणी बसला, की त्याच बाया कुरकुर करायला लागल्या, आमच्या बाईच कावून न्हाईत आज म्हणून. हे मी गावभर सांगत फिरत न्हाई. पण मला त्याचा लई अभिमान हाय, आणि आज बोलायला बसलेच हाय तर ते पण बोलून टाकते.

तर गेल्या एप्रिलातली गोष्ट. पहाटे लाईट गेली. साडेपाचला मी केंद्रावर पोचले तर कूलर बंद, आत आदल्या संध्याकाळचं सगळं दूध. जनरेटर तीन आठवडे झाले बंदच पडलेला. त्याची तक्रार मी रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलेली, आणि तीनदा कुणी ती वाचली नव्हती. सहा वाजता सकाळचं दूध यायला लागलं. आता एप्रिलातलं ऊन तुमाला माहीत हाय. दूध घ्यावं का परत पाठवावं? परत पाठवलं तर त्या बाया ते ठेवणार कुठं?

मी बीडला मॅनेजर साहेबांना फोन लावला. साहेब नवे, आठ महिन्यांपूर्वी साताऱ्याकडून आलेले. त्यांना सगळं सांगितलं, टँकर लवकर पाठवा म्हणलं. ते म्हणले, टँकर लावतो, तुम्ही दूध घ्या. मी दूध घेतलं आणि माझ्या सवयीप्रमाणं लगेच रजिस्टरमध्ये ओळ लिहिली. "६.१०. लाईट नाही, जनरेटर बंद. साहेबांना फोन केला. टँकर लावतो, दूध घ्या म्हणाले."

सात वाजले, आठ वाजले. टँकरचा पत्ता न्हाई. बाया रिकाम्या कॅनसाठी थांबलेल्या. साडेनवाला मी परत फोन लावला. साहेब झोपेतनं उठल्यासारखे बोलले, म्हणले, अरे हो, सांगायचं राहिलंच. त्यावर मी काय बोलले ते पुढं येईल. फोन ठेवला आणि दुसरी ओळ लिहिली. "९.३०. साहेबांना कावून टँकर पाठवला नाही असे विचारले."

लिहिताना मी 'आहे' लिहिते, 'नाही' लिहिते. शाळेत मास्तरांनी तेवढं नीट शिकवलेलं. पण कावूनला शुद्ध भाषेत दुसरं काही म्हणतात, हे कधी मनातच आलं न्हाई. हात जसा चालला तसं लिहिलं.

टँकर पावणेबाराला आला. तोवर मी नळीत घालून दूध उकळून पाहिलं तर फाटलेलं. सगळं. पंचवीस गावांतलं दोन वेळचं दूध आमी केंद्रामागच्या खड्ड्यात सोडलं. सुभद्राबाई म्हणून एक म्हातारी हाय, तिची पोरं-सुना सहा महिने ऊसतोडीला असतात आणि ती एकटी दोन म्हशी सांभाळते. ती त्या खड्ड्याच्या काठाला उभी राहून बघत होती.

एवढ्या दुधाचा जाब कुणाला तरी द्यावा लागणार होता. चार दिवसांनी साहेबांनी मला बीडला बोलावलं. समोर माझंच रजिस्टर उघडं. चेहरा अगदी दुखावलेला. ते म्हणले, "बाई, मी तुमच्याशी कधी वाईट बोललो नाही. आणि तुम्ही माझ्यावर कावता, वर ते रजिस्टरला लिहून ठेवता?"

मला आधी समजंना. मग त्यांनी बोट ठेवलं ती ओळ मी त्यांच्या डोळ्यांनी वाचली. साहेबांना कावून. आणि मला हसू फुटलं. बारीकसं न्हाई, चांगलं खदखदून. बाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. मी सांगत होते, साहेब, आमच्याकडं कावून म्हणजे का, पण हसता हसता सांगितलेलं कुणाला पटतंय. साहेबांचे कान लाल झाले. तिथं माझं चुकलं, हे मी आजही कबूल करते. त्या माणसाला आपल्या अज्ञानावर ही बाई हसतीय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी हसतच होते.

आठवड्यात नोटीस आली. आरोप एक, थंड करण्याची सोय नसताना वरिष्ठांना न विचारता दूध स्वीकारून संघाचं नुकसान केलं. आरोप दोन, वरिष्ठांशी उद्धटपणे, रागाच्या भरात बोलल्या, आणि तसं स्वतःच्या हस्ताक्षरात कबूल केलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा. सोबत तोंडी निरोप, की पौर्णिमाबाईंनी आपण होऊन राजीनामा दिला तर चौकशी होणार न्हाई, आणि वर्तणूक चांगली असल्याचा दाखला पण मिळंल. खुलाशाला पंधरा दिवस.

घरी नवनाथ, म्हणजे माझे मालक, त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय स्टँडजवळ. माणूस सोन्यासारखा, पण भांडणाचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटतो. तिसऱ्या दिवशी दुकानातनं एक कागद टाईप करून घेऊन आले. माझा राजीनामा. खाली सही तेवढी बाकी. "वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे." मी म्हणलं, आहो, हे वैयक्तिक कारण कोणतं ते मला पण सांगा, मी अजून ऐकलं न्हाई. ते म्हणले, पौर्णिमे, चौकशीत काही पण लिहितेत. काढून टाकलं तर कपाळावर शिक्का बसंल. परळी रस्त्याला खाजगी डेअरी हाय, मी बोललोय, ते तुला उद्या घेतेत. दाखला मिळतोय तवर घे आणि मोकळी हो.

आणि मला ते पटलं. आता मोठ्या तोंडानं सांगत असले तरी तेव्हा पटलं होतं. चौदा वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं, आता वडवणीच्या बाजारात भाजी घ्यायला गेले तरी बायका बोलता बोलता थांबायच्या. एकीनं तर विचारलं, दुधाचं काय झालं ओ, तुमीच नासवलं म्हणतेत. सही करून टाकावी आणि सुटावं, असं लई वाटायचं. मी तो कागद पर्समध्ये घातला आणि म्हणलं, सही करायच्या आधी एकदा अण्णांना सांगून येते.

अण्णा म्हणजे माझे वडील, शहादेव. घाटनांदूरला राहतात, माय आणि ते दोघंच. दोन गाड्या बदलून दुपारी पोचले. मायनं आधी जेवायला वाढलं, तिचा तसा नियमच हाय, रडायचं असलं तरी जेवून रडा म्हणती. जेवण झालं आणि मी अण्णांना सगळं सांगितलं, नोटीस वाचून दाखवली, मग तो राजीनाम्याचा कागद दाखवला.

आता अण्णांचं सांगायला पाहिजे. मी आठ-नऊ वर्षांची असताना अण्णा एका शाळेत शिपाई होते. प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक गेला. चावी तिघांकडं असायची, नाव अण्णांचं आलं. हेडमास्तर म्हणले, शहादेव, पोलिसांत देत न्हाई, तू राजीनामा दे, इज्जतीत जा. अण्णांनी दिला. त्यानंतर बियाणांच्या दुकानात पोती उचलली, त्यावर आमाला शिकवलं. ह्या विषयावर घरात कधी बोलणं झालं न्हाई. शाळेसमोरनं जायचं असलं तर अण्णा मागच्या गल्लीनं जायचे, आणि आमाला वाटायचं तोच रस्ता जवळचा हाय.

त्या दिवशी अण्णांनी माझा कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणले, "मी दिला तवा मला वाटलं, अब्रू वाचली. पण पोरी, जो सोडून जातो त्याला कुणी विचारत न्हाई की काय झालतं. तीस वर्षं झाली. मी वाट बघतोय कुणीतरी विचारंल म्हणून."

माय भांडी घासायची थांबली. माझ्या बापाला मी सुद्धा कधी विचारलं नव्हतं, ह्याची मला एवढी लाज वाटली की मी मान वर करू शकले न्हाई. मग मी विचारलं. अण्णा, काय झालतं? त्यांनी संध्याकाळच्या गाडीपर्यंत सगळं सांगितलं, कोणत्या कपाटाची कोणती चावी कुणाकडं होती इथपर्यंत. तीस वर्षांनी सुद्धा एक गोष्ट विसरले नव्हते.

राजीनामा मी तिथंच फाडला. मायनं ते तुकडे चुलीत घातले आणि त्यावर चहा ठेवला.

वडवणीला आल्यावर मी बंकटरावांकडं गेले. बंकटराव म्हणजे संघाचे जुने लिपिक, आता कर्मचारी संघटनेचं काम बघतात. कागद वाचायला बसले की हा माणूस चहा सुद्धा विसरतो. त्यांनी नोटीस वाचली, तिला जोडलेली माझ्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स वाचली, आणि एकदम मांडीवर हात मारला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नोटिशीसोबतच्या जबाबात साहेब म्हणत होते, सहा-दहाची ओळ पौर्णिमाबाईनं मागाहून घुसवली, मी दूध घ्या म्हणलोच न्हाई. पण साडेनवाची ओळ मात्र खरी, कारण त्यात बाईचा राग कबूल हाय. आता दोन्ही ओळी एकाच पानावर, एकीखाली एक, मधी बोटभर जागा न्हाई. खालची त्याच वेळची आणि तिच्या वरची मागाहूनची, हे जमायचं कसं? आणि खालची ओळ खरी धरली की त्यात टँकर पण हाय. टँकर कबूल केलेलाच नसंल तर बाई तो कावून पाठवला न्हाई असं विचारील कशाला? "साहेबानं एका शब्दासाठी आख्खी ओळ खरी मानलीय," बंकटराव म्हणले. "आता त्यातनं त्याला निघता येणार न्हाई."

राहिला आरोप दोन. तो तर बंकटरावांना पोरखेळच वाटला. कावून म्हणजे का, एवढं सिद्ध झालं की संपलं. त्यांनी माझा खुलासा लिहिला. त्यात एक वाक्य होतं, "मी अत्यंत शांतपणे व नम्रतेने विचारणा केली." मी ते वाचून थांबले. बंकटराव म्हणले, काय झालं? मी म्हणलं, काही न्हाई. आणि सही केली.

ते वाक्य मला चौकशीच्या तारखेपर्यंत टोचत राहिलं. कारण मी शांतपणे विचारलंच नव्हतं. साहेब म्हणले ना, अरे हो, सांगायचं राहिलंच, तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी फोनवर एवढी ओरडले की तपासणीच्या खिडकीसमोरच्या बाया मागं सरकल्या. मी म्हणलं होतं, साहेब, तुमच्या घरातलं एक भगुलं दूध नासलं तर सकाळ खराब होती तुमची, आन् इथं पंचवीस गावांच्या बाया पहाटेपासून उठून बसल्यात, त्यांचं काय? हे तसंच्या तसं म्हणलं. थोडं जास्तच असंल, कमी न्हाई.

म्हणजे बघा गंमत. साहेबांनी शब्दाचा अर्थ चुकीचा लावला, पण गोष्ट बरोबर सांगितली. आणि माझा शब्द बरोबर होता, पण माझा खुलासा खोटा.

चौकशी बीडच्या कार्यालयात, वरच्या हॉलमध्ये झाली. चौकशी अधिकारी म्हणून नगरकडचे एक निवृत्त अधिकारी आणलेले. पांढरे केस, आवाज हळू, पण नजर कागदावरनं हलायची न्हाई. एका बाजूला मॅनेजर साहेब, एका बाजूला मी आणि बंकटराव. लिहून घ्यायला एक लिपिक.

आरोप एक दुपारपर्यंत मोडला. बंकटरावांनी पान दाखवलं, वरची ओळ, खालची ओळ, मधली नसलेली जागा. अधिकाऱ्यांनी भिंग मागवलं, पान उजेडाला धरलं. मग साहेबांना विचारलं की दुसऱ्या फोनला बाई टँकरचं बोलल्या का न्हाई. साहेब म्हणले, बोलल्या. मग पहिल्या फोनला टँकर ठरला नसंल तर दुसऱ्याला त्याचा जाब कसा, असं विचारल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. जनरेटरच्या तीन तक्रारी पण तिथंच वाचल्या गेल्या.

मग आरोप दोन. साहेब म्हणले, का ह्या अर्थी कावून असा शब्द त्यांनी कोणत्याच पुस्तकात वाचला न्हाई, आणि बाई आता सोयीनं अर्थ बदलतायत. अधिकारी पण जरा विचारात पडले. बंकटरावांनी साक्षीदार बोलावली. सुभद्राबाई.

सुभद्राबाई त्या दिवशी माझ्या खिडकीसमोरच उभी होती. चौदा वर्षांपूर्वी कॅनचं झाकण मला उघडू न देणाऱ्यांतली ती एक. आता म्हशींना शेजारणीच्या हवाली करून, पहिल्या गाडीनं माझ्यासाठी बीडला आलेली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, खुर्चीवर बसायला सांगितलं तरी बसली न्हाई. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "साडेनऊच्या फोनवर पौर्णिमाबाई रागावल्या होत्या का?"

सुभद्राबाई म्हणली, "कावून रागावतील?"

लिहिणाऱ्या लिपिकाचं पेन थांबलं. त्यानं अधिकाऱ्यांकडं बघितलं, अधिकाऱ्यांनी साहेबांकडं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि मग ते पांढऱ्या केसांचे अधिकारी हसले, अगदी पोटातनं. लिपिकाला म्हणले, बोलल्या तसंच लिहा. सुभद्राबाईला कळंना आपण काय विनोद केला. ती मला म्हणली, काय चुकलं का गं माझं? मी म्हणलं, न्हाई मावशी, लई बरोबर बोललात.

मग ती पुढं बोलायला लागली. म्हणली, ही बाई रागवायची न्हाईच साहेब, हिचा आवाज कुणी ऐकला न्हाई, त्या दिवशी पण लई गरिबीनं बोलली फोनवर. पदर सावरून, माझ्याकडं न बघता बोलत होती. शेतातल्या बाईनं जन्मात पहिल्यांदा साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून खोटं बोलावं, आणि ते माझ्यासाठी. लिपिक तिचं एकएक वाक्य लिहून घेत होता. खाली तिचा अंगठा लागणार होता.

ती बाहेर गेल्यावर अधिकारी म्हणले की शब्दाचा प्रश्न मिटला. मग माझ्याकडं वळले. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हता. फक्त कारण विचारलंत. असंच लिहायचं ना?"

बंकटरावांनी टेबलाखालनं माझ्या पायाला पाय लावला. एक हो म्हणायचं होतं. हो म्हणलं की दोन्ही आरोप गेले, मी धुतल्या तांदळासारखी घरी. न्हाई म्हणलं तर आरोप दोन माझ्याच तोंडानं सिद्ध, आणि त्याला नोकरीवरनं काढण्यापर्यंत काहीही शिक्षा होऊ शकत होती. बंकटरावांनी मला ते आधीच वाचून दाखवलं होतं.

मी उभी राहिले. म्हणलं, "साहेब, कावून म्हणजे का, हे खरं हाय. पण मी रागावले होते, हे पण खरं हाय. सुभद्राबाई मला वाचवायला बोलल्या. त्यांचं ते वाक्य राहू द्या, पण खाली माझं लिहा. मी फोनवर मोठ्यानं ओरडले. चौदा वर्षं मी खराब दूध चांगलं म्हणून लिहिलं न्हाई. आज स्वतःचं खोटं खरं म्हणून कसं लिहू देऊ?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. विचारलं, "रागावायला नको होतं, असं आता वाटतं का? तसं असेल तर दिलगिरी लिहून घेतो. शिक्षेत फरक पडेल."

मी म्हणलं, "त्या दिवशी मॅनेजर साहेबांच्या समोर हसले, त्याची दिलगिरी आत्ता देते. ते माझं चुकलं. पण रागावल्याची देणार न्हाई. त्या दुधावर रागावले नसते तर मी तिथं बसायच्या लायकीची नव्हते."

बंकटरावांनी कपाळाला हात लावला. साहेब माझ्याकडं बघत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अधिकारी लिपिकाला म्हणले, लिहा. लिपिकानं लिहिलं, मला वाचून दाखवलं. मी दोनदा तपासलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर बंकटराव स्टँडपर्यंत माझ्यापुढं झपाझप चालत राहिले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणले, पौर्णिमाताई, जिंकलेली केस तुमी माझ्या हातनं काढून घेतली. आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणले, पण माझी पोरगी असती तर मला तिनं असंच बोलावं वाटलं असतं. नवनाथला सांगितलं तर ते आधी मटकन खाली बसले. मग उठून दुकान बंद करून आले आणि म्हणले, काढलं तर काढलं, आपण दोघं मिळून दुकान चालवू, पण तुझ्यासारखं मला न्हाई जमलं असतं.

तीन आठवडे मी घरी बसून काढले. त्या दिवसांत बाजारात मी मान खाली घालून फिरले न्हाई. कुणी विचारलं की मी थांबून सगळं सांगायची, फोन, टँकर, रजिस्टर, आणि मी ओरडले ते पण.

आदेश आला त्या दिवशी मी तो कुणाला न दाखवता तशीच घाटनांदूरची गाडी पकडली. अण्णा दारात बसलेले. त्यांचा चष्मा सापडंना, म्हणून मीच वाचायला लागले. आरोप एक सिद्ध होत नाही. अण्णांनी मान हलवली. आरोप दोन सिद्ध. तिथं त्यांचा चेहरा पडला.

"सिद्ध म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणलं, सिद्ध म्हणजे मी साहेबावर रागावले ते खरं ठरलं. त्याची लेखी ताकीद मिळाली, ती फाईलला राहणार. आणि सोमवारपासून कामावर हजर व्हायचं.

अण्णा सरकून माझ्याजवळ बसले. मग हळूच म्हणले, "मोठ्यानं रागावलतीस?"

"लई मोठ्यानं, अण्णा."

"साहेबावर?"

"साहेबावरच."

"आणि तरी सोमवारी त्याच खुर्चीवर बसणार?"

"त्याच."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आत बघून हाक मारली, सिंधू, बाहेर ये आदी, काम ऱ्हाऊ दे. माय हात पुसत दारात आली. गल्लीतनं दोन-तीन शेजारी चालले होते, अण्णांनी त्यांना पण थांबवलं. मला वाटलं आता आरोप एकचं सांगतील, पोरगी निर्दोष सुटली म्हणून. पण ते माझ्याकडं वळले.

"ते दुसऱ्या आरोपाचं परत वाच," अण्णा म्हणले. "सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

मी उभं राहून वाचलं.